मॅचिंगवाल्याचं प्रमाणपत्र

अंबरनाथच्या आमच्या वाचनालयात दर फेब्रुवारीत, मराठी भाषा दिनाला, परिसरातल्या एका दुकानाचा सन्मान होतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठलंही दुकान चालतं आणि मालक कोणीही असो. जो आपला धंदा मराठीतून करतो त्याला शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र. ही कल्पना माझी. मी शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी आमचा पाचवीचा वर्ग मुलांअभावी बंद झाला. त्या संतापात मी वाचनालयाच्या बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले की शाळा तर गेल्याच, निदान दुकानांत तरी भाषा राहू द्या. संताप आला की मला बोलायला फार छान सुचतं. शांत झाल्यावर त्यातलं निम्मं पटत नाही, पण तोवर ठराव मंजूर झालेला असतो.

नियमही मीच केले. ज्यांचे अर्ज येतील त्यांच्या दुकानात आमच्यापैकी एकाने साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, ओळख द्यायची नाही. पाटी, बिल आणि बोलणं, प्रत्येकाला दहा गुण. बोलण्याची अट कडक होती. दुकानदाराचं पहिलं वाक्य कुठल्या भाषेत येतं, तेवढंच धरायचं. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, मऊ स्वभावाचे गृहस्थ. त्यांना हे जरा जास्त वाटलं. मी म्हटलं, पेपर तपासताना दया आली की सगळा वर्ग पास होतो. पस्तीस वर्षं मी दया न करता तपासत आले होते.

त्या वर्षी आलेल्या अर्जांत एक उल्हासनगर कॅम्प पाचचा होता. मॅचिंग सेंटर. म्हणजे साडीला फॉल, ब्लाउजपीस आणि अस्तर जुळवून देणारं दुकान. नाव सिंधी, अक्षर मात्र सुरेख, निळ्या बॉलपेनने एकेक अक्षर बसवून लिहिलेलं. ‘आपण मराठी भाषेसाठी काय करता?’ या रकान्यात इतरांनी पानभर मजकूर लिहिला होता. यांनी तीन शब्द लिहिले होते : ‘रंगांची नावं सांभाळतो.’ मी अध्यक्षांना ते वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो. कोणा शिकलेल्या मराठी पोरीकडून अर्ज लिहून घेतला असेल, असंच मी धरून चालले.

दुपारी रिक्षाने गेले. दुकान अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूंना छतापर्यंत लाकडी मांडणी, खणाखणांत कापडाच्या गुंडाळ्या. पाटी इंग्रजीत, खाली बारीक देवनागरी. गादीवर एक वृद्ध गृहस्थ, ऐंशीच्या घरातले, गळ्यात मोजायची फीत. पिशवीतून साडी काढता काढता मी म्हणाले, “भाईसाब, इसका अस्तर दिखाना.”

उल्हासनगरात शिरलं की आम्हा मराठी माणसांची जीभ आपोआप हिंदीवर जाते. तिथे दोन मराठी माणसं एकमेकांना हिंदीत पत्ता विचारतात आणि हिंदीतच आभार मानून निघून जातात. हे मी पाहिलंय, त्यावर घरी येऊन नकलाही केल्यात. त्या दुपारी मात्र आपण काय बोललो ते माझ्या कानांवर आलंच नाही.

“आओ बहनजी, बैठो,” ते म्हणाले.

माझ्या मनातल्या कागदावर शून्य पडलं. पुढे त्यांनी साडीचा पदर हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, “कौनसा चाहिए आपको?” मी म्हटलं, “मरून जैसा कुछ.” ते क्षणभर थांबले, माझ्याकडे बघत राहिले, जणू मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून. मग त्यांनी वरच्या खणातून एक कापड काढलं आणि ते इतकं बेमालूम जुळलं की साडीवर ठेवल्यावर दिसेना. बिल इंग्रजीत होतं. मांडणीच्या प्रत्येक खणाखाली कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसत होत्या. त्या किमतीच्या असणार, असं समजून मी त्या वाचल्याही नाहीत. तीस गुणांपैकी पाटीच्या बारीक देवनागरीला दोन दिले आणि बाहेर पडले.

सन्मान बदलापूरच्या एका हॉटेलला मिळाला. तिथे पितळी घंगाळं, भिंतभर म्हणी, मेनूकार्डावर ठसकेबाज मराठी आणि दारात नऊवारी नेसलेली बाहुली. बिलावरही ‘पुन्हा या’. तीसपैकी अठ्ठावीस. मालकाने शाल घेतली, माईक हातात घेतला आणि म्हणाला, “थँक यू सो मच, इट मीन्स अ लॉट.” सभागृहात टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

अर्ज केलेल्या सगळ्यांनाच आम्ही कार्यक्रमाला बोलावत असू. चहाच्या वेळी ते वृद्ध गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पांढरा, कडक इस्त्रीचा सदरा. अंगाला अत्तर लावलेलं. शाल अंगावर पडेल या हिशोबानेच माणूस घरून निघाला होता, हे मला दिसलं.

“ताई, आमच्यात काय कमी पडलं, तेवढं सांगाल?” त्यांनी विचारलं. मराठी स्वच्छ होती, माझ्या शेजाऱ्यांपेक्षा स्वच्छ. “कळलं तर पुढच्या वर्षी दुरुस्त करतो.”

मी गोंधळले. शिक्षकाच्या जातीला खोटंही नीट बोलता येत नाही. “तुम्ही माझ्याशी हिंदीत बोललात,” मी म्हणाले.

ते आठवू लागले आणि मग त्यांना मी आठवले. “ती डाळिंबी साडी! तुम्ही होतात?” ते हसले. “ताई, तुम्ही हिंदीत विचारलंत. मला वाटलं, तुम्ही उत्तरेकडच्या. गिऱ्हाईक ज्या भाषेत विचारेल त्या भाषेत त्याला बसवायचं, असं आमचे वडील सांगायचे. मी तर वाट बघत होतो, तुम्ही रंगाचं नाव काय सांगता त्याची. तुम्ही मरून म्हणालात.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला राग आला, आणि तोही त्यांचाच, कारण चूक दाखवणारा माणूस मला कधीच आवडत नाही. मी कोरडेपणाने म्हटलं, “एवढं काय त्या कागदात?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. मुलाला दुकान मोडायचं होतं. त्याचं म्हणणं, आता सगळ्या बायका तयार ब्लाउज घेतात, मॅचिंग करायला कोण येतं? त्याला तिथे मोबाइलचं दुकान काढायचं होतं, दिवाळीनंतर. “तो वाईट नाही,” ते म्हणाले. “पण त्याला वाटतं, बाप उगाच बसलाय तिथे. भिंतीवर तुमची चौकट असती ना ताई, तर मी मरेपर्यंत त्याने हात लावला नसता. मान मिळालेली जागा मोडायला माणूस कचरतो.” मग त्यांनी चहाचा कप नीट टेबलावर ठेवला, दोन्ही हात जोडले आणि गेले.

आठवडाभर मी स्वतःला समजावत राहिले की नियम म्हणजे नियम. मग एका सकाळी गेले आणि उंबऱ्यातूनच मोठ्याने मराठीत म्हणाले, “दादा, आहात का?” सिंधी लोक मोठ्या माणसाला दादाच म्हणतात, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी त्या पट्ट्या वाचल्या. आमसुली. पारवा. अबोली. शेवाळी. श्रीखंडी. चिंतामणी. प्रत्येक खणाखाली एका रंगाचं नाव, आणि प्रत्येक नाव वेगळ्या हस्ताक्षरात. काही अक्षरं गिरवलेली, काही वाकडीतिकडी, एक तर आडव्या रेघेशिवाय. दादांनी सांगितलं ते असं. फाळणीनंतर वडिलांच्या कडेवर बसून ते इथल्या निर्वासितांच्या छावणीत आले. वडिलांनी कापडाची फेरी केली, मग हे दुकान घातलं. आसपासच्या मराठी बायका यायच्या आणि रंग मागायच्या. बापलेकांना त्या नावांतलं काही कळायचं नाही. मग त्यांनी एक रीत पाडली. जिच्या तोंडून नवं नाव येईल, तिच्याच हातून ते कागदावर लिहून घ्यायचं आणि त्या खणाखाली डकवायचं. जिला लिहिता येत नसे, तिच्यासाठी मागची गिऱ्हाईक लिहायची. दादा मराठी शाळेत कधी गेले नाहीत. जी काही मराठी आली ती या खणांवरून.

“आता मुली येतात, पीच म्हणतात, रस्ट म्हणतात,” ते म्हणाले. “मी कापड देतो आणि सांगतो, बेटा, याला आपल्यात अबोली म्हणतात, याला विटकरी. काही हसतात. काही घरी जाऊन आईला सांगतात.”

आपल्यात, असं ते म्हणाले. मी मान खाली घातली.

मी बसलेली असतानाच पालेगावची एक म्हातारी आली. तिच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत, हे तिनेच येता येता सांगितलं. तिला नऊवारीवर चोळीचं कापड हवं होतं. “यो नाय रे शेठ, त्यो पल्याडचा दाखव. त्यो काळपट आमसुली.” दादांनी न बघता हात वर नेला आणि नेमका तो गठ्ठा खाली आला. ती म्हणाली, “पोरी बोलतात, आमसुली काय असतं? मी बोलली, शेठला विचारा.” दोघंही मनापासून हसले. मी मराठीची शिक्षिका, त्या दोघांच्या मधे पाहुण्यासारखी बसून होते.

जाताना दादांनी माझ्यापुढे कोरी पट्टी आणि पेन ठेवलं. “ताई, तुम्ही एक द्या. नवीन.” मला आनंद झाला. म्हटलं, गुलबक्षी. त्यांनी बोट दाखवलं, होती. केतकी. होती. कुसुंबी. तीही होती, आणि खाली कोणीतरी कंसात ‘लग्नाचा’ असंही लिहिलेलं. अर्धा तास मी डोकं खाजवलं आणि मला एकही असा रंग सुचला नाही जो त्या खणांत नव्हता. “पुढच्या वेळी आणते,” मी म्हणाले. “आणा,” ते म्हणाले, “जागा ठेवतो.”

आणि मग मी ते केलं जे करायला नको होतं. मी त्यांना वचन दिलं. पुढच्या फेब्रुवारीत चौकट तुमच्या भिंतीवर असेल, मुलाला तेवढं थांबायला सांगा, असं म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आतल्या खोलीत असलेल्या मुलाला हाक मारून ते सांगितलंही. मुलगा पन्नाशीचा, थकलेला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “ठीक है आंटी, फेब्रुवारी तक.” त्याने शब्द दिला. चौकट त्याआधीच मिळावी म्हणून मी बैठकीत विषय काढला आणि हरले.

अध्यक्षांचं म्हणणं साधं होतं. झालेला निकाल फिरवता येत नाही, आणि नियम तुमचेच आहेत. पुढच्या वर्षीचे नियम मात्र बदलू. मी म्हटलं, मधेच एखादा विशेष सन्मान देऊ, जूनमध्ये, जुलैमध्ये, कधीही. ते म्हणाले, अशी प्रथा नाही. मी ओरडले, टेबलावर हात आपटला, राजीनामा देते म्हणाले. माझे राजीनामे त्यांनी पूर्वीही पाहिले होते. ‘आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून’ हे मी मुलांना शिकवलेलं, आता स्वतःवरच आलं होतं. एक वर्ष थांबायचं, एवढंच तर होतं, अशी मी समजूत घातली. ऐंशीच्या माणसाला एक वर्ष म्हणजे किती, हा विचार मी केला नाही.

गणपतीच्या सुमारास त्यांना लकवा मारला. मला कळलं दसऱ्याला, फॉल आणायला गेले तेव्हा. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या पापडवाल्याने सांगितलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, मग बोलणं थोडं परत आलं पण फक्त सिंधी, बाकीच्या भाषा आता कळतही नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी, लहानपणची भाषा तेवढी उरते. मी पुसट काहीतरी बोलून परतले. भेटायला गेले नाही. लाज वाटत होती, आणि लाजेला मी कामाचं नाव दिलं.

मुलगा दवाखान्याच्या खर्चाने टेकीला आला होता. दिवाळीनंतर त्याने दुकान मोडलं. फेब्रुवारीपर्यंत थांबतो म्हणाला होता तो बाप गादीवर बसत होता म्हणून. आता गादीवर कोणी नव्हतं. मी गेले तेव्हा आत पांढरे दिवे आणि काचेची कपाटं होती. मांडणीचं लाकूड भंगारवाल्याला दिलं होतं, पट्ट्यांसकट. मुलाला बोल लावायचा हक्क माझा नव्हता. तोच म्हणाला, “आंटी, वो चिठ्ठियाँ आपको चाहिए थीं क्या? पहले बोलतीं तो निकाल के रखता.” त्याने ते अगदी खरं म्हटलं. मला आधी बोलता आलं असतं.

फेब्रुवारीत अध्यक्ष म्हणाले, बंद झालेल्या दुकानाला सन्मान कसा द्यायचा? या वेळी मी ओरडले नाही. मी फक्त सांगितलं की हा कागद मी लिहिणार आणि तुम्ही सही करणार. त्यांनी केली. बैल गेला अन् झोपा केला, हे दोघांनाही कळत होतं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकट कापडात गुंडाळून त्यांच्या घरी गेले, दुसऱ्या मजल्यावर.

सुनेने दार उघडलं, खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेली. दादा पलंगावर उशीला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. डोळे मात्र तेच, कापड उजेडाकडे धरून बघणारे. मी चौकट उघडली आणि मोठ्याने वाचून दाखवली. रंगांची नावं सांभाळल्याबद्दल, असं मी त्यात लिहिलं होतं. त्यांनी चौकटीकडे बघितलं, भलत्या घरी आलेल्या पत्राकडे बघावं तसं. मग माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं.

प्रश्न होता एवढं आवाजावरून कळलं. शब्द एकही कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, माझ्यासाठी. आयुष्य या तीन गावांत गेलं. वर्गात सिंधी मुली होत्या, माझ्या बाळंतपणात डबा पाठवणारी शेजारीण सिंधी होती. मला त्यांच्या भाषेतलं एक वाक्य येत नव्हतं. न कळल्याचं दाखवणं मला क्रूर वाटलं. मी हसले, मान हलवली आणि म्हणाले, “हो दादा, हो, हो.”

त्यांचा चेहरा सैल झाला. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड ठोकून सुनेला हाक मारली आणि भराभर काही सांगू लागले. सून कपबशी घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली.

“आंटी, आपने क्या कहा पापा को?”

“काही नाही. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.”

“वो रोज यही पूछते हैं,” ती हळूच म्हणाली, “दुकान आज खोला कि नहीं. हम बात टाल देते हैं. आपने हाँ बोला, तो अब सदरा माँग रहे हैं. बोलते हैं, गिऱ्हाईक खुद लेने आई है.”

ती रडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. रोज करायचं एक काम आणखी एकदा करावं तसा तिने कपाटातून पांढरा सदरा काढला, त्यांचा उजवा हात अलगद बाहीत घातला, बटणं लावली. त्यांनी डाव्या हाताने कॉलर सारखी केली. मग पाय खाली सोडून ते पलंगाच्या कडेला सरकले आणि माझ्याकडे बघत बसले, मी उठायची वाट बघत. दुकान आता नाही, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं, आणि ते सांगण्यापुरतीही त्यांची भाषा मला येत नव्हती.